मधूच्या हृदयाची रेघ

माझे लाकडी खोके, वरची कातडी मूठ आणि पुढची काळी बटणे पाहून तुम्हाला मी जुना रेडिओ वाटेन. मित्रांनो, तसा समज पुष्कळांचा झाला आहे. पण मी कधी गाणे म्हटले नाही की बातम्या सांगितल्या नाहीत. मी कार्डिओग्राफ आहे. माणसाचे हृदय धडधडते तेव्हा त्यातून विजेची अगदी बारीक लहर उठते. हातापायांना माझ्या धातूच्या चकत्या बांधल्या की ती लहर तारांतून माझ्यापर्यंत येते आणि माझी तापलेली सुई सरकत्या कागदावर तिची रेघ काढते. रेघ काढणे एवढेच माझे काम. तिचा अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लाकडाच्या भुश्शात बसवून मला बोटीने मुंबईला आणले आणि तिथून आगगाडीने जयपूरला. हे १९५४ सालचे. त्या वेळी इस्पितळात माझी काय ऐट होती! जहागिरींचे ठाकूर, जौहरी बाजारातले पेढीवाले, कचेऱ्यांमधले साहेब, सगळे माझ्यापुढे अंगरखे काढून मुकाट्याने पडून राहत. छातीत कळ आलेला माणूस घामाघूम होऊन यायचा आणि त्याच्या घरची मंडळी डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे डोळे लावायची. माझ्यावरची धूळ दिवसातून कितीदा पुसली जाई!

पुढे नवे, हलके यंत्र आले. माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत झाली. एका पालीने माझ्या पाठीमागे अंडी घातली. मी मोडलेलो नव्हतो, फक्त कुणाला नको होतो. मोडण्यापेक्षा त्याचे दुःख जास्त असते.

तिथून मला बाहेर काढले ते डॉक्टर प्रतिमा देवस्थळी यांनी. त्या मूळच्या सांगलीच्या, शिकल्या मुंबईत. यजमान जयपूरच्या विद्यापीठात शिकवायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्याही आल्या आणि इस्पितळाच्या बालविभागात रुजू झाल्या. मुलांच्या हृदयाकडे कुणी नीट बघत नाही, अशी त्यांची तक्रार असे. माझ्या चकत्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. बाळाच्या मनगटाला त्या बांधणे म्हणजे बाहुलीच्या हातात ताट देणे. बाईंनी बाजारातल्या एका चांदीकाम करणाऱ्याकडून रुपयापेक्षाही लहान चकत्या करून घेतल्या, त्यांना मऊ नाड्या लावल्या आणि वॉर्डाच्या टोकाच्या आपल्या खोलीत मला चाकांच्या टेबलावर ठेवले. माझी देखभाल करायला देवराम नावाचा परिचारक होता. जयपूरजवळच्या चाकसू गावचा, मोठ्या मिशांचा, पण बाळांशी बोलताना आवाज अगदी लोण्यासारखा.

आता ज्या बाळाची गोष्ट सांगायची आहे ते बाळ माझ्याकडे आले १९६३ च्या उन्हाळ्यात.

बाहेर लू, उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, चालली होती. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर देवराम पाणी मारत होता. तेवढ्यात दारात एक तरुण बाई उभी राहिली. पदराखाली बाळ. तिच्या मागे नवरा, आणि त्याच्या मागे नऊवारीतल्या सासूबाई. दारावरचे देवस्थळी हे नाव वाचून तिने मराठीतच विचारले, "डॉक्टरबाई, आत येऊ का?"

तिचे नाव अलका. नवरा मुकुंद वाघोलीकर विमा कंपनीत अधिकारी होता. बदली होऊन वर्षभरापूर्वी ते जयपूरला आले होते आणि बनीपार्कमध्ये भाड्याच्या घरात राहत होते. बाळ मुलगी होती, तीन महिन्यांची. मधुमती नाव ठेवलेले, पण सगळे मधू म्हणत.

"काय होतंय हिला?" बाईंनी विचारले.

अलकाने आधी सासूबाईंकडे पाहिले. मग म्हणाली, "दोन महिने अगदी छान होती. आता दूध प्यायला लागली की थोड्या वेळानं एकदम तोंड फिरवते. किंचाळते. पांढरीफटक पडते, घाम फुटतो. मग दमून झोपते. पोटाचं आहे म्हणून दोन वैद्यांचं औषध झालं, ग्राइपवॉटर झालं…"

"पोटाचं नाही ते," सासूबाई मधेच म्हणाल्या. "हिचं दूधच बाधतंय. शेजारच्या बाईंनी सांगितलं तसं करून बघितलं आम्ही. वाटीत हिचं दूध घेतलं आणि मुंगी सोडली. मेली मुंगी."

अलकाची मान खाली गेली. ती इतकी खाली गेली की तिचा चेहरा मला दिसेना.

"मग आता काय पाजता?" बाईंनी शांतपणे विचारले.

"बकरीचं दूध. बोंडल्यानं," मुकुंद म्हणाला.

"आणि ते पिताना रडत नाही?"

मुकुंदने आईकडे पाहिले. शेवटी अलकाच हळू म्हणाली, "रडते. तशीच रडते."

"मग दोष दुधाचा कसा असेल?"

"आधीचं विष अंगात भिनलंय," सासूबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या हो. नातीसाठी त्यांनीही उपास धरले होते. पण भ्यालेल्या माणसाला कुणावर तरी बोट ठेवावेसे वाटते, आणि ते बोट जो गप्प राहतो त्याच्यावर जाते.

बाईंनी मधूच्या छातीला कान लावावा तशी नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग छातीचा एक्स-रे फोटो काढायला पाठवले. फोटोत तिचे हृदय फारच मोठे दिसत होते. मुठीएवढे असायचे ते जवळजवळ सगळी छाती व्यापून बसले होते.

"देवराम, मशीन लाव," बाई म्हणाल्या.

"पंखो बंद कर द्यूं कांई?" देवरामने विचारले. पंखा चालू असला की त्याची वीज माझ्या रेघेत मिसळते आणि रेघ थरथरते. म्हणून त्या जीवघेण्या उकाड्यात पंखा थांबला. देवरामने मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस मधूच्या मनगटांवर, घोट्यांवर ठेवला आणि त्यावर चकत्या बांधल्या. अलकाने आपली करंगळी बाळाच्या मुठीत दिली. माझी सुई तापली आणि कागद सरकू लागला.

मित्रांनो, मी त्याआधी शेकडो हृदयांच्या रेघा काढल्या होत्या. ही रेघ मला ओळखीची होती. प्रत्येक ठोक्याला सुई आधी खोल खाली जायची, खड्ड्यात पाय पडावा तशी, आणि मग वर उठायची. हृदयाचा मोठा तुकडा निकामी झालेल्या म्हाताऱ्या माणसांची रेघ अशी येते. आणि इथे तर दात न आलेले बाळ होते.

बाईंनी तो कागद हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना दाखवला. ते फार विद्वान आणि मनाने चांगले गृहस्थ. पण कागद बघून हसले. "देवस्थळीजी, यह तो साठ साल के किसी लालाजी का कार्डिओग्राम है. तीन महीने की बच्ची को दिल का दौरा? तार उलटे लग गए होंगे. और यह मशीन भी अब बूढ़ी हो गई है."

मला वाटले, झाले, आता पुन्हा जिन्याखाली.

बाई खोलीत परतल्या आणि त्यांनी दार लावले. "देवराम, मशीन बिघडलंय म्हणतात. बांध माझ्या हाताला." त्या स्वतः टेबलावर आडव्या झाल्या. मी त्यांची रेघ काढली, स्वच्छ, निरोगी. मग त्यांनी मधूला पुन्हा आणवले, प्रत्येक तार स्वतः तपासली. रेघ तीच आली. तोच खड्डा.

त्यानंतर बाई दोन दिवस पुस्तकांत बुडाल्या होत्या. मग त्यांनी अलका आणि मुकुंदला समोर बसवले.

"हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं," त्या म्हणाल्या, "पण ते स्वतःही एक स्नायू आहे. त्यालाही रक्त लागतं. त्यासाठी दोन बारीक रक्तवाहिन्या असतात. शुद्ध रक्ताच्या मोठ्या नळीतून त्या फुटतात. मला वाटतं, मधूची डावी वाहिनी चुकीच्या ठिकाणाहून फुटली आहे. फुप्फुसाकडे अशुद्ध रक्त जातं, त्या नळीतून. जन्मल्यावर काही आठवडे कसंबसं भागतं. मग त्या नळीतला दाब उतरतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूला काही मिळेनासं होतं. दूध ओढणं हे बाळाचं सगळ्यात मोठं कष्टाचं काम. तेव्हा तिच्या छातीत कळ येते. म्हणून ती रडते."

"नक्की असंच आहे?" मुकुंदने विचारले.

"नक्की नाही सांगता येत. आत बघायची सोय इथे नाही. माझी खात्री आहे, पण पुरावा नाही."

"आणि उपाय?"

बाईंनी टेबलावरचा फोन उचलून मुंबईला ट्रंककॉल मागितला. त्यांच्याबरोबर शिकलेले डॉक्टर प्रभाकर तिथे छातीच्या शस्त्रक्रिया करीत. लाइन मिळायला दुपार गेली. बाई मोठमोठ्याने बोलत होत्या आणि मधेच गप्प होत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी काहीही लपवले नाही. "परदेशात काही बाळांची ती चुकीची वाहिनी बांधून टाकली आहे. म्हणजे उलट वाहून जाणारं रक्त थांबतं. काही वाचली, पुष्कळ गेली. प्रभाकरनं एकदाच केलं आहे. ते बाळ वाचलं नाही. पण तो म्हणतो, घेऊन या, मी प्रयत्न करीन."

"एवढ्याशा जिवाची छाती फाडायची?" सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "त्यापेक्षा देवाच्या मनात असेल ते होऊ दे."

मुकुंद खाली बघत राहिला. त्याला आईला दुखवायचे नव्हते आणि बायकोकडे बघायचे धैर्य नव्हते. तेव्हा अलका बोलली. इतके दिवस ती विचारल्याशिवाय बोलली नव्हती.

"न्यायचं तिला," ती म्हणाली. "रोज माझ्या मांडीवर तिला कळ येते. मी बघते. तुम्ही दुसऱ्या खोलीत जाता. न्यायचं म्हणजे न्यायचं."

तयारी सुरू झाली. एवढ्या प्रवासाची ताकद यावी म्हणून बाईंनी मधूला वॉर्डात ठेवून घेतले. हृदयाला बळ देणाऱ्या औषधाचे थेंब सुरू केले. ती थोडी सुधारलीही. देवराम मिशा हलवून दाखवी तेव्हा ती हसे. दात नसलेले, सगळे हिरड्यांचेच हसू. सवाई माधोपूरला गाडी बदलायची होती. वाटेत लागला तर प्राणवायू कुठून मिळवायचा, हेही बाईंनी ठरवून ठेवले होते. त्या स्वतः बरोबर जाणार होत्या. अलकाने बाळाची झबली, दुपटी घडी करून पत्र्याच्या पेटीत भरली. मुंबईत पाऊस सुरू झाला असेल म्हणून एक लोकरी टोपडेही घेतले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंना एक ताजी रेघ हवी होती, डॉक्टर प्रभाकरांना दाखवायला. मधूला माझ्याजवळ आणले. चकत्या बांधल्या. ती झोपेतच होती. मग जागी झाली, आईला शोधू लागली आणि एकदम ओठ पांढरे पडले. तिने दूधही घेतले नव्हते. ती रडली नाही. रडायला जो श्वास लागतो तोच नव्हता.

"प्राणवायू!" बाई ओरडल्या. देवराम धावला. बाई दोन्ही अंगठ्यांनी ती इवलीशी छाती दाबत राहिल्या. माझ्या कागदावर ठोके रुंद झाले, लांब लांब पडू लागले. मी रेघ काढत होतो. मला दुसरे काही येतच नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले की आपल्याला हात असायला हवे होते.

मग रेघ सरळ झाली. बाईंनी दाबणे थांबवले नाही. कागद जमिनीवर घडी घडी होऊन पडत राहिला. शेवटी अलकानेच बाईंचे मनगट धरले. "पुरे, बाई. तिला दुखत असेल."

देवरामने माझे बटण बंद केले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळाने बाईंनी जे विचारले ते विचारणे त्यांना किती जड गेले असेल! आपण सांगितले ते खरे होते की नाही, हे कळायला मधूचे हृदय उघडून बघावे लागणार होते. मुकुंद म्हणाला, "नको. आता तरी तिला कुणी हात लावू नका."

अलका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "बघू दे त्यांना," ती म्हणाली. "काय झालं ते कळल्याशिवाय मी घरी कशी जाऊ? त्या घरात सगळ्यांना एकच कारण माहीत आहे."

तिने स्वतः बाळाला बाईंच्या हातात दिले.

दुपार कलल्यावर बाई परत आल्या. त्यांच्याबरोबर मोठे डॉक्टरसाहेबही आले होते. त्यांनी हृदय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते माझ्याजवळ थांबले, टेबलावरचा कागद उचलला, पुष्कळ वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "देवस्थळीजी, आप सही थीं." मग अलकासमोर हात जोडून निघून गेले.

बाई अलकाशेजारी बाकावर बसल्या. "डावी रक्तवाहिनी चुकीच्या नळीतूनच निघाली होती, अलका. तू गरोदर होतीस तेव्हाच, अगदी पहिल्या काही आठवड्यांत ते तसं घडलं. तुला दिवस गेल्याचं नीट कळलंही नसेल तेव्हा. त्यात तू खाल्लेलं, प्यायलेलं, केलेलं, न केलेलं, काही नाही. तुझं दूध चांगलं होतं."

सासूबाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "मग ती मुंगी का मेली?"

"आजी," बाई म्हणाल्या, "कुठल्याही दुधात मुंगी बुडतेच. तुमच्या दुधात घातली असती तरी बुडली असती."

सासूबाई अलकाजवळ आल्या. पदर तोंडाला लावला. "सूनबाई, मी…" एवढेच म्हणाल्या.  जाताना टांग्यात चढायला अलकाने त्यांना हात दिला, हे देवराम नंतर सांगत होता. संध्याकाळी मुकुंदने मधूला मातीत ठेवले. लोकरी टोपडे तिच्या डोक्यावर होते.

मित्रांनो, मधूची ती रेघ पुढे शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवली जाऊ लागली. दूध पिताना पांढरे पडणारे बाळ आले की आता कुणी हसत नसे. माझ्याकडे धाडत. बहुतेकांचे खरेच पोट दुखत असे आणि बाई हसतमुखाने त्यांना घरी पाठवीत. एका बाळाची रेघ मात्र मधूसारखी निघाली. ते मुंबईला पोचले, त्याची वाहिनी बांधली गेली, आणि ते जगले, असा निरोप आला. लगेच दमते, पण जगले. त्या दिवशी बाईंनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले आणि स्वतःच्या खोलीत येऊन रडल्या.

दोन वर्षांनी अलका पुन्हा आली. कुशीत नवे बाळ होते, दिलीप. महिन्याचा असल्यापासून ती दर महिन्याला त्याची रेघ काढून घेई. चौथ्या वेळी बाई म्हणाल्या, "अगं, आता पुरे. ज्या वयात मधूला त्रास सुरू झाला ते वय यानं ओलांडलं. हृदय उत्तम आहे."

अलकाने मान हलवली. मग पिशवीतून बोंडले काढले. त्यात दूध होते.

"हे कशाला?" बाई चकित झाल्या. "तुला दूध नाही का?"

"माझंच आहे. काढून पाजते. छातीशी घेतलं आणि तो रडला तर? मला ते नाही सोसणार, बाई."

बाईंनी तिच्या हातातले बोंडले काढून घेतले, दिलीपला तिच्या मांडीवर ठेवले आणि दार लोटले. अलकाने पदर ओढला. बाळाने वास घेतला, तोंडाने चाचपडले आणि मग असे ओढू लागले की घोट गिळल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. अलका श्वास रोखून त्याच्या कपाळाकडे बघत होती. घाम नव्हता. ओठ लाल होते. तो रडला नाही. पिता पिता झोपला.

आता अलका हसेल असे मला वाटले होते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"शेवटचे कितीतरी दिवस मी मधूला जवळ घेतलंच नाही," ती म्हणाली. "ती माझ्याकडे तोंड करायची आणि मी तिला दूर धरायची. तिला काय वाटलं असेल हो, बाई?"

  बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी आता थकलो आहे. माझ्या तारांचे रबर चिरले आहे आणि माझ्या मापाचा कागदही कुणी बनवत नाही. इस्पितळाच्या वैद्यकीय कॉलेजातल्या काचेच्या कपाटात मी असतो. मला पुसायला कुणी आले नाही तरी माझी तक्रार नाही. एवढेच सांगायचे होते. तुमच्या घरी, शेजारी एखादे बाळ उगाच रडते आहे असे वाटले, तर त्याला डॉक्टरकडे न्या, पुन्हा पुन्हा न्या. आणि तोवर, मित्रांनो, त्याला त्याच्या आईपासून दूर करू नका.